सात फुटी महापरिनिर्वाण मूर्ती, फायबरमध्ये : कामाच्या नोंदी

९ जानेवारी २०२५

विहार समितीशी बोलणं पक्कं झालं. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात डाव्या हाताच्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचं जे शिल्प आहे, त्यावरून सात फूट लांबीची मूर्ती करायची. माध्यम फायबर, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेले काचतंतू, कारण विहार पहिल्या मजल्यावर आहे आणि स्लॅबवर दगडाचा भार नको. बसवायची १२ मेला, बुद्धपौर्णिमेला.

बैठ्या बुद्धमूर्तीच्या साच्यांबद्दल, कास्टिंगबद्दल सांगणारे कारागीर पुष्कळ भेटतात. निजलेल्या मूर्तीचं काम केलेला आमच्या भागात मला कोणी सापडला नाही. हिच्या अडचणी वेगळ्या आहेत, म्हणून नोंदी ठेवतोय.

पहिला प्रश्न जागेचा निघाला. समितीने उत्तरेची भिंत रिकामी ठेवली होती. पण कुशीनगरला दोन शालवृक्षांच्या मध्ये तथागत उत्तरेला डोकं करून, उजव्या कुशीवर निजले, असं बुद्धांच्या शेवटच्या दिवसांचं वर्णन करणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात आहे. उजव्या कुशीवर आणि डोकं उत्तरेला, म्हणजे मुख पश्चिमेला. कुशीनगरच्या मंदिरातली जुनी मूर्तीही तशीच आहे. त्यासाठी मूर्ती पूर्वेच्या भिंतीला लागली पाहिजे. तिथे पुस्तकांची दोन कपाटं होती. ती हलवायचं ठरलं. काम घेण्याआधी दिशा बघून घ्या. मूर्ती एकदा झाली की तिची कूस बदलता येत नाही.

१२ जानेवारी

समितीतल्या एका तरुणाने मोबाइलवर बँकॉकच्या वाट फो मंदिरातल्या निजलेल्या बुद्धमूर्तीचा फोटो दाखवला. "दादा, अशीच करा ना. सोनेरी."

मूर्ती भव्यच आहे. ४६ मीटर लांब, १५ मीटर उंच, थायलंडचा राजा तिसरा राम याच्या काळात १८३२ साली घडवलेली, आत विटांचं काम आणि वर सोन्याचा मुलामा. तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ मंगलचिन्हं आहेत. पण तिथे उजवा हात कोपरातून उभा आहे, डोकं हातावर तोललेलं आहे, डोळे उघडे आहेत. थायलंडमध्ये या मुद्रेशी राहू असुरेंद्राची कथाही जोडतात, बुद्धांनी त्याचा गर्व उतरवला ती. अजिंठ्याला डोकं उशीवर पूर्ण टेकलंय, गालाखाली तळहात आहे, डोळे मिटलेत. दोन्ही मूर्ती निजलेल्याच, पण क्षण वेगळे.

मी हे सांगत होतो तेवढ्यात विहारातल्या एक ज्येष्ठ मावशी म्हणाल्या, "हे आत्ता उठून बोलतील असे दिसतात. आपल्याला शेवटच्या रात्रीचे बुद्ध पाहिजेत." विषय तिथेच संपला.

१५ जानेवारी

अजिंठा. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून बुधवार धरला. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून पुढे बस. २६ नंबर अगदी टोकाला आहे. सकाळी लवकर जाऊन आधी तेच गाठलं, गर्दी पोचायच्या आत.

हे चैत्यगृह पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. बुद्धभद्र नावाच्या भिक्खूने ते करवून घेतलं, आणि अश्मक राज्याचा मंत्री भव्विराज याच्याशी असलेला त्याचा स्नेह व्हरांड्यातल्या शिलालेखात कोरलाय. आत गेलं की डाव्या बाजूची भिंत आणि खांबांची रांग यांमध्ये जी अरुंद वाट आहे, तिथे हे शिल्प आहे. लांबी सात मीटरच्या थोडी वर. प्रदक्षिणेला निघालं की आधी मस्तक लागतं, मग खांदा, मग लांबच लांब शरीर, शेवटी पाय. एका नजरेत मूर्ती मावतच नाही. खाली शोकात बुडालेल्या शिष्यांची ओळ, वर आकाशातले देव, आणि मधे ही शांत आडवी रेघ. पायांशी बुद्धांचा शिष्य आनंद बसलाय, डोकं हाताला टेकवून.

अडचण हीच, की खांबांमुळे मागे सरकायला जागा नाही. पूर्ण मूर्ती समोरून एका फोटोत घ्यायची तर मोबाइलचा वाइड अँगल लावावा लागतो. बाकी सगळे फोटो तिरपे येतात, पायांकडून किंवा डोक्याकडून. फ्लॅश चालत नाही. हात लावून माप घ्यायचा प्रश्नच नाही, घेऊही नये.

२३ जानेवारी

दीड फुटी मातीचं मॉडेल केलं आणि डोकं मोठं निघालं. पायही जाड. मधलं धड मात्र आखूड. कारण शोधायला वेळ लागला नाही: वाइड अँगलच्या फोटोत कडेच्या वस्तू ताणल्या जातात, आणि या मूर्तीत नेमकं कडेलाच मस्तक आणि पाय आहेत. उभ्या मूर्तीच्या फोटोत हा दोष एवढा जाचत नाही, कारण तिथे लांबून फोटो मिळतो.

पुन्हा अजिंठ्याला गेलो. या वेळी भिंतीला समांतर, फरशीच्या एकाच रेषेवरून चालत, कॅमेरा छातीच्या एकाच उंचीवर धरून, झूम न बदलता तुकड्यातुकड्यांत फोटो घेतले. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण अर्धा भाग आला पाहिजे. घरी ते प्रिंट काढून भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवले. मग मस्तकाच्या उंचीचं माप धरून सगळ्या शरीराची लांबी त्यात मोजली. हे प्रमाण हाती आल्यावर मॉडेल जागेवर आलं.

ज्यांना हे काम करायचंय त्यांनी हा खटाटोप आधीच करावा. इंटरनेटवरच्या सुंदर फोटोंवरून प्रमाण घेऊ नये.

३ फेब्रुवारी

सांगाडा. १२ मिमी सळईचा लांब कणा, खाली १९ मिमी प्लायवूडचं टेबल, पोकळीत थर्माकोल आणि वर कोंबडी जाळी. आमच्याकडे काही जण आडवी मूर्तीही उभी करूनच घडवतात आणि शेवटी आडवी करतात. काम सोपं जातं, कंबर मोडत नाही. मी पहिल्यापासून आडवीच घेतली, आणि टेबल विहारातल्या ओट्याच्या उंचीएवढंच केलं. बघणारा ज्या उंचीवरून बघणार त्याच उंचीवरून चेहरा घडला पाहिजे.

खर्च: सळई, जाळी, प्लाय, वेल्डिंग मिळून ६,८००. शाडू माती गाडीभाड्यासह ४,५००.

१६ फेब्रुवारी

या आठवड्यात सगळ्यात जास्त अडलो. अंग भरून झालं, प्रमाण बरोबर, तरी मूर्ती निजलेली वाटेना. उभे बुद्ध आडवे ठेवल्यासारखे दिसत होते. गांधार शैलीच्या कितीतरी शिल्पपटांत हे दिसतं: बुद्ध आडवे आहेत, पण चीवराच्या, म्हणजे अंगावरच्या वस्त्राच्या, चुण्या उभ्या मूर्तीसारख्याच पडल्यात.

माझ्याकडे काम शिकणाऱ्या पोराला बाजेवर उजव्या कुशीवर झोपवलं आणि बघत बसलो. खालचा खांदा पुढे सरकतो. कंबर खाली जाते, वरचं ढोपर पुढे येतं. गाल दबून ओठाचा कोपरा वर ओढला जातो. हे सगळं मातीत उतरवलं. आता शरीर खरंच निजलं, पण ते दमून झोपलेल्या माणसाचं शरीर झालं. मावशी बघायला आल्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "चेहरा दुखतोय का त्यांचा?"

रात्री भिंतीवरचे फोटो पुन्हा एकेक करून बघितले. अजिंठ्याच्या मूर्तीत गाल दबलेला नाही. ओठांची रेघ सरळ आहे. शरीर जवळजवळ सरळ, पायांकडे निमुळतं होत गेलेलं, आणि चीवर इतकं तलम की अंगाला चिकटून नाहीसं होतं. मग निजलेपण येतं कुठून? श्रीलंकेतल्या पोलोन्नरुवाच्या गल विहाराचे फोटो काढले. तिथली निजलेली मूर्ती चौदा मीटरच्या वर लांब, ग्रॅनाइटच्या एकसलग कड्यात कोरलेली. तिथे लोडाला मस्तकाखाली अगदी हलका खळगा पडलाय. दगडातला लोड दबलाय आणि चेहऱ्यावर मात्र भाराची खूण नाही.

उत्तर तिथे मिळालं. भार उशीने आणि गादीने घ्यायचा, शरीराने नाही.

१९ फेब्रुवारी

गालाची सगळी ओढाताण काढून टाकली, चेहरा पुन्हा शांत केला. उशी मात्र नव्याने केली: मस्तकाखाली बोटभर खळगा, त्याच्या दोन्ही बाजूंना कापड किंचित फुगलेलं, आणि खळग्यापासून निघालेल्या तीनच सुरकुत्या. जास्त सुरकुत्या घातल्या की नजर उशीवर अडकते. खांद्याखाली आणि नितंबाखाली गादी थोडी बसवली, कमरेखाली ती उचललेली ठेवली. गालाखालचा उजवा तळहात पसरट, बोटं एकमेकांना लागून. मी आधी बोटं मुडपली होती, त्याने ताण दिसत होता.

एवढ्याने मूर्ती निजली. अंगाला हातही लावला नव्हता.

२४ फेब्रुवारी

पाय. सिंहशय्येत, म्हणजे उजव्या कुशीवर निजण्याच्या या पद्धतीत, पायावर पाय किंचित सरकवून ठेवलेला असतो, सुत्तात तसंच वर्णन आहे. गल विहाराला वरचा डावा पाय थोडा मागे ओढलेला आहे. तिकडच्या परंपरेत पावलं अगदी जुळलेली असली तर विश्रांती आणि वरचं पाऊल मागे सरकलेलं असलं तर परिनिर्वाण, असं मानतात. मी डाव्या पावलाची बोटं उजव्याच्या बोटांपेक्षा पाऊण इंच मागे घेतली. पाऊण इंचच, पण पायांकडून बघणाऱ्याला तो सैलपणा लगेच जाणवतो.

६ मार्च

साचा सुरू. पीओपीचा पीस मोल्ड, सुट्या तुकड्यांचा साचा, करायचं ठरवलं, म्हणजे पुढे दुसऱ्या विहाराला मूर्ती हवी असेल तर साचा उपयोगी पडेल. तुकडे असे पाडले: मस्तक आणि उशी एकत्र, छाती ते गुडघे, पोटऱ्या, पावलं वेगळी, आणि पलंगाची पुढची पट्टी वेगळी. मातीत पत्र्याच्या पट्ट्या खोचून हद्दी केल्या. पहिला पातळ थर गेरू टाकून रंगीत, म्हणजे पुढे छिन्नी चालवताना मूर्ती जवळ आल्याचं कळतं. त्यावर काथ्या घालून जाड थर, मागे बांबू.

बैठ्या मूर्तीत न येणारी अडचण इथे येते. पोटाखाली, जिथे शरीर गादीला टेकतं, तिथे सगळ्या लांबीभर आत वळलेली खाच असते. पीओपीचा तुकडा तिथे अडकतो. त्या खाचेसाठी लांब पट्टीसारखे तीन वेगळे तुकडे करावे लागले. दोन पावलांच्या मधल्या फटीतही तसंच.

पीओपी १२ गोणी, गोणी ३०० प्रमाणे ३,६००. काथ्या, बांबू, पत्रा १,४००.

२२ मार्च

साचा उघडला, माती काढली, धुतला, सावलीत वाळत ठेवला. वरून कोरडा लागला म्हणून चपड्याचा (लाखेचा) हात दिला, वॅक्स लावलं आणि उशीच्या तुकड्यात जेलकोट, म्हणजे रेझिनचा सगळ्यात बाहेरचा थर, मारला. दुसऱ्या दिवशीही जेलकोट चिकट. उशीचा भाग साच्यात सगळ्यात जाड आहे, आत ओल राहिली होती. पॉलिएस्टर रेझिनला ओल अजिबात चालत नाही. सगळा जेलकोट खरवडून काढला, कापडाने पुसला, साचा उन्हात फिरवून फिरवून वाळवला. जाड तुकड्यांचं वजन रोज काट्यावर करा. वजन उतरायचं थांबलं की वाळला समजा. हाताने चाचपून कळत नाही.

९ एप्रिल

फायबरचं काम आणि खानदेशातला एप्रिल. दुपारी शेडमध्ये पारा चाळिशीच्या वर. मधल्या मोठ्या तुकड्यासाठी पाच किलो रेझिन नेहमीच्या दोन टक्के हार्डनरने (रेझिन घट्ट करणारं रसायन) कालवलं. मॅटचा (काचतंतूंच्या चटईचा) पहिला थर बसेपर्यंत बादली गरम होऊन धूर सुटला आणि सगळं दगडासारखं झालं. पाच किलो रेझिन, ब्रश आणि बादली गेली. साच्यावर अर्धा बसलेला थर खरवडावा लागला तो वेगळा.

त्यानंतरची पद्धत: काम पहाटे पाचला सुरू, नऊला बंद. एका वेळी एक किलोच्या वर कालवायचं नाही. हार्डनर एक टक्क्यावर आणला. रुंद पसरट भांडं वापरायचं, खोल बादली नाही, कारण साठलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने तापून लवकर घट्ट होतं.

शिकाऊ पोरांसाठी मोठ्या अक्षरात लिहून शेडवर लावलंय: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग हार्डनर. दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या कपाटात. मास्क आणि हातमोजे काढून काम करायचं नाही.

१८ एप्रिल

जेलकोटवर ४५० च्या (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅटचे तीन थर. रेझिन वाया गेलेलं धरून ४४ किलो लागलं, मॅट ११ किलो. दोन्ही मिळून बिल ११,२००.

पोटऱ्यांचा तुकडा घाईने साच्याबाहेर काढला होता, त्याला बाक आला. एका टोकाकडून बघितलं तर गादीची रेघ बोटभर वर उचललेली. आडव्या मूर्तीत ती एक रेघ सात फूट धावते, तिच्यातला जरासा बाकही लगेच डोळ्यात भरतो. तुकडा परत साच्यात दाबला, मागून गरम हवा दिली, आणि साच्यात असतानाच आतून एक इंची चौकोनी पाइपची चौकट मॅटने चिकटवली. बाक गेला. बाकीच्या तुकड्यांना चौकट आधी बसवली आणि मगच साचा सोडवला.

२६ एप्रिल

जोडणी. सगळे तुकडे सपाट टेबलावर दोरी ताणून एका रेषेत घेतले, आतून मॅट, बाहेरून रेझिनची पुट्टी. मस्तक आणि मान यांचा सांधा शेवटी. मस्तक दोन अंश फिरलं तरी नजर छताकडे जाते किंवा जमिनीत. मावशींना आणि समितीच्या काकांना बोलावून त्यांच्यासमोरच मस्तक थोडं थोडं फिरवत जागा ठरवली. काकांना ते जास्त समोर हवं होतं, मावशींना किंचित खाली. खाली ठेवलं, कारण मुलं ओट्यासमोर मांडी घालून बसतात आणि चेहरा त्यांना दिसला पाहिजे.

केसांचे कुरळे एकेक करून पुन्हा धारदार केले, कास्टिंगमध्ये ते बोथट होतातच.

२ मे

रंग. सोनेरी हवा असा आग्रह पुन्हा निघाला. माझं मत दगडी रंगाचं होतं, पण "अजिंठ्यात दगडच आहे" असं सांगून मी तो लादला नाही, कारण ते अर्धसत्य आहे. ही लेणी बेसॉल्टमध्ये कोरल्यावर त्यांवर गिलावा आणि रंग होता. आज दिसणारा उघडा दगड हे काळाचं काम. कुशीनगरची चुनारच्या वालुकाश्मातली मूर्ती तर आज सोन्याने झळाळते. शेवटी मी दोन छोटे नमुने करून विहारातच ठेवले, संध्याकाळच्या दिव्यात. सोनेरी नमुन्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब चमकून मिटलेल्या पापण्यांची रेघ दिसेना. करड्या मॅट रंगावर ती स्पष्ट दिसली. सगळ्यांनी मिळून करडा निवडला. खोलगट जागी गडद हात, उंचवट्यावर कोरड्या ब्रशने फिकट. चेहऱ्यावर सर्वांत कमी.

५ मे

खालच्या शिष्यांच्या ओळीचं काय, हा प्रश्न पैशांपाशी येऊन थांबला. पूर्ण ओळ केली तर खर्च जवळजवळ दुप्पट होतो. आत्ता फक्त पायांशी बसलेला आनंद केलाय, वीस इंची, वेगळ्या साच्यातून. पंचवीस वर्षं सेवा केलेल्या शिष्याला निदान त्याची जागा मिळाली, याचं मला समाधान आहे. बाकी ओळीसाठी पलंगाच्या पट्टीला मागून बोल्टची भोकं ठेवलीत, पुढच्या वर्षी पॅनेल थेट बसेल.

१० मे

मूर्ती विहारात. चौकटीसह वजन एवढंच, की सहा जणांनी जिन्यावरून सहज वर आणली. जिन्याच्या वळणावर अडेल ही भीती होती, म्हणून पलंगाची पट्टी वेगळी ठेवली होती. ओट्यावर चार बोल्ट, भिंतीपासून चार इंच सुटी, म्हणजे पावसाळ्यात भिंतीची ओल मागे साठणार नाही.

मजुरी आणि वाहतूक धरून एकूण ५८,०००. माझी स्वतःची मजुरी यात धरलेली नाही.

१३ मे

कालच्या पौर्णिमेला ओट्यावर मेणबत्त्यांची ओळ लागली आणि काही उशीच्या अगदी जवळ आल्या. फायबर पेटतं, हे समितीला आधीच सांगितलं होतं, पण गर्दीत कोण लक्ष ठेवणार. आज ओट्यापुढे तीन फुटांवर कडप्प्याचा वेगळा कट्टा करायला गवंडी सांगितलाय. मेणबत्त्या आणि अगरबत्ती तिथेच. चेहऱ्याजवळ अगरबत्ती लावली तर करड्या रंगावर काजळी बसते आणि ती पुसताना रंग निघतो. पुसायचं झालं तर कोरडं मऊ फडकं, तेल नाही, ओलं कापड नाही.

साचा वाळवून, वॅक्स लावून, तुकड्यांवर क्रमांक टाकून शेडमध्ये ठेवलाय. पावलांच्या फटीतला छोटा तुकडा सोडवताना तुटला, तो नवीन करावा लागेल. बाकीच्या साच्यातून अजून दोन-तीन मूर्ती निघतील. कोणत्याही विहाराला काम करायचं असेल तर साचा घेऊन जावा, फक्त भाडं गाडीचं.